दसऱ्याच्या नागपुरात तीन रात्री

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे त्यात किल्ले, देवळे, डोंगर आणि तळी यांची वर्णने असावयाची, असा आपल्याकडे संकेतच पडून गेला आहे. दिवसभर ही स्थळे पाहून झाल्यावर प्रवाशाने रात्री पाठ कोठे टेकावी, याविषयी मात्र लेखक बहुधा मौन धरतात. हल्ली आपल्यापैकी अनेकांचा प्रवास स्थलदर्शनासाठी नसतोच. कोणाचा मुलगा परगावी शिकावयास असतो, कोणाच्या नातीची प्रवेशपरीक्षा दूरच्या शहरी असते, कोणाच्या सुनेचा पदवीदान समारंभ असतो. अशा निमित्ताने निघालेल्या माणसास पहिला प्रश्न पडतो तो बिऱ्हाडाचा. गर्दीच्या दिवसांत नागपुरास हा प्रश्न आम्हां उभयतांस कसा पडला आणि कसा सुटला, ते सांगावे म्हणून हा लेख.

नागपूर हे भोसल्यांचे शहर म्हणून आपणांस ठाऊक असते, संत्र्यांचे म्हणून तर असतेच. परंतु गेली सव्वाशे-दीडशे वर्षे ते विद्येचेही मोठे पीठ आहे. हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. कामठीचे दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि अलीकडे २०१५ साली व्यवस्थापनाची व २०१८ साली वैद्यकाची अखिल भारतीय दर्जाची संस्था तेथे आली. साहजिकच महाराष्ट्राच्या व शेजारच्या प्रांतांच्या कानाकोपऱ्यातून मुले तेथे येतात आणि मुलांच्या पाठोपाठ त्यांची वडीलधारी माणसेही येतात.

त्यातच नागपूरला गर्दीचे स्वतंत्र पंचांग आहे. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे राज्याच्या विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरते, ते बहुधा डिसेंबरात. त्या दिवसांत मंत्री, आमदार, सचिव, कारकून, वार्ताहर आणि मोर्चेकरी या सर्वांचा भार शहरावर पडतो. जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटचा सामना असला म्हणजे निराळी झुंबड. २०२३ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान परिषद भरली, तेव्हा देशभरच्या शास्त्रज्ञांची सोय करावी लागली. या सर्वांवर ताण म्हणजे विजयादशमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्यास दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटतो. हे सारे मला पुस्तकातून माहीत होते. पुस्तकातील माहिती आणि हातात पिशवी घेऊन रस्त्यावर उभे राहिल्यावरचे ज्ञान यांतील अंतर मात्र मला नागपुरातच कळले.

आमची नात नागपुरास वसतिगृहात राहून शिकते. तिचे आईबाप मस्कतला असतात. २०२४ च्या ऑक्टोबरात, बुधवारी सकाळी, तिच्या मैत्रिणीचा फोन आला की, तिला डेंग्यूचा ताप असून धंतोलीतील एका रुग्णालयात ठेवले आहे, आणि रक्तातील चकत्यांची संख्या उतरत आहे. पुण्याच्या चिरंजीवांनी धावपळ करून तत्काळातून दोन जागा मिळविल्या, आणि नागपुरातील एका हॉटेलात खोलीही फोनवरूनच ठरविली. दर दिवसाला बाराशे रुपये. गुरुवारी सायंकाळी आम्ही साताऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो. सौभाग्यवतींचे नवरात्राचे उपवास चालू होते. घट कोणाच्या हाती सोपवावे, या काळजीत त्या होत्या. शेवटी धाकट्या सूनबाईंवर तो भार टाकून आल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीत विदर्भाच्या वाटेवर जसजशी स्थानके मागे पडू लागली, तसतशी शुभ्र वस्त्रे नेसलेली माणसे डब्यात वाढू लागली. म्हाताऱ्या बाया, कडेवर मुले, डोक्यावर गाठोडी. मी आपला त्यांस जागा करून देत होतो, आणि एवढी माणसे कोठे निघाली असतील, हा विचार मला नागपूर येईपर्यंत शिवला नाही. मन नातीपाशी होते. स्थानकाच्या जुन्या दगडी इमारतीतून बाहेर पडलो आणि समोरचा रस्ता पांढरा झालेला पाहिला, तेव्हा कोठे मला आठवले, उद्या दसरा.

प्रथम रुग्णालयात जाऊन नातीस पाहिले. ती क्षीण झाली होती, पण हसली. डॉक्टरांनी सांगितले की, दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. रात्री मात्र तेथे कोणास थांबू देत नसत. जीव थोडा खाली पडल्यावर आम्ही हॉटेल गाठले. तेथील व्यवस्थापकाने यंत्रात पाहिले आणि शांतपणे सांगितले की, आपले नाव येथे नाही. खोली हवी असल्यास साडेचार हजार पडतील. फोनवर आलेली पावती मी पुढे केली. तो म्हणाला, "ते मधल्या कंपनीचं आहे, आजोबा. आमच्याकडे आलंच नाही." मी अडतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले आहे. निवृत्तिवेतनातून दिवसाला साडेचार हजार, आणि तेही किती दिवस ते ठाऊक नाही, हे गणित मला झेपणारे नव्हते.

तेथून सीताबर्डी, तेथून गणेशपेठ, तेथून पुन्हा स्थानकाचा परिसर. एके ठिकाणी खोली होती, पण दर तिप्पट. एके ठिकाणी दर वाजवी होता, पण खोली नव्हती. एका धर्मशाळेच्या मुनीमाने हात जोडले आणि जिन्याकडे बोट दाखविले. जिन्याच्या पायरीपायरीवर माणसे बसली होती. वसतिगृहात विचारून पाहिले. तेथे आजीबाईंची सोय होईल, पण पुरुष पाहुण्यास नियम आड येतो, असे उत्तर मिळाले. नियम योग्यच होता. तरी ऑक्टोबरच्या उन्हात तो ऐकावयास बरा वाटला नाही. 'अतिथि' या शब्दाची एक व्युत्पत्ती आम्ही मुलांस सांगत असू: ज्याच्या येण्यास ठरलेली तिथी नाही, तो अतिथि. हॉटेलवाल्याचे शास्त्र नेमके उलटे. तो माणूस पाहत नाही, तिथी पाहतो आणि दर सांगतो.

सायंकाळी भेटीच्या वेळी आम्ही रुग्णालयात परत आलो, ते पिशव्यांसह. नातीच्या शेजारच्या खाटेवर एक तरुण मुलगी होती. तिचे काका, साठी उलटलेले, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यातील गृहस्थ, बाजूस उभे होते. त्यांनी आमच्या पिशव्यांकडे पाहिले.

"कोठून आले जी तुम्ही?"

"साताऱ्याहून."

साताऱ्याचे नाव ऐकताच त्यांची चर्या एकदम बदलली. "साताऱ्याचे! बाबासाहेब तुमच्या साताऱ्याच्या शाळेत शिकले. ७ नोव्हेंबर १९००. भीमाबाईंची समाधी तिथंच आहे. पाहिली असेल तुम्ही?"

मी होय म्हणालो. खरे सांगावयाचे तर समाधीवरून मी अनेकदा गेलो होतो; आत जाऊन पाहिली नव्हती. ते मी त्या वेळी बोललो नाही.

तेही निवृत्त शिक्षक निघाले. मराठी व इतिहास शिकवीत. घर इंदोऱ्यास. आमची हकीकत ऐकून ते म्हणाले, "रूम भेटणारच नाही आज. आमच्याकडे चाला. गावाकडून सतरा जण आले आहेत; तुम्ही अठरावे आणि एकोणिसावे. त्यात काय आहे?"

आता मी मनातील खरी गोष्ट लिहितो, कारण ती लपविल्यास या लेखास अर्थ राहणार नाही. मला संकोच वाटला. हा भार टाकण्याचा संकोच आहे, असे मी स्वतःस सांगत होतो. तो तसा अंशतः होताही. पण तेवढाच नव्हता. वर्गात समतेवर निबंध सांगणे निराळे, आणि परक्या घरी, ज्या घराच्या पायरीस माझे आजोबा कधी उभे राहिले नसते तेथे, अंथरूण पसरणे निराळे. मी उत्तर जुळवीत असता सौभाग्यवतींनी आपली पिशवी उचलली. "अहो, चला ना. आपल्यासाठी ते खोळंबले आहेत."

धंतोलीहून काँग्रेसनगरच्या स्थानकावर जाऊन आम्ही मेट्रो गाडीने इंदोरा चौकास उतरलो. वाटेत त्यांनी काँग्रेसनगर या नावाची गोष्ट सांगितली. १९२० च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन येथे भरले आणि चौदा हजारांवर प्रतिनिधी आले. त्यांच्या छावणीची आठवण त्या वस्तीच्या नावात राहिली. पाहुण्यांच्या गर्दीने वस्तीस नाव द्यावे, हे मला नागपूरच्या स्वभावास साजेसे वाटले.

घर लहान, दोन मजली. बैठकीत, जिन्याखाली, गच्चीवर सर्वत्र सतरंज्या. वाशीमकडची एक म्हातारी, हिंगोलीकडचे दोन भाऊ, त्यांची मुलेबाळे. गृहिणीने आम्हांस पाणी दिले आणि सौभाग्यवतींस हळूच विचारले, "ताई, तुमचा उपास असेल ना? भगर टाकते मी. मीठ साधं चालते का सैंधव पाहिजे?" त्या घरात देव नव्हते. बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांची तसबीर होती. व्रते, उपवास, नवरात्र हे सर्व त्यांनी दीक्षेबरोबर मागे टाकलेले. तरी पाहुणीच्या उपवासाचे मीठ कोणते, एवढी चौकशी त्या माउलीने केली. आपण न मानलेल्या धर्माचा मान दुसऱ्यासाठी राखणे, याहून आतिथ्याची मोठी परीक्षा मला ठाऊक नाही.

आणि आम्हांस त्यांनी दिली ती आतली खोली. घरात दार असलेली ती एकच खोली होती. त्यांचा स्वतःचा पलंग तीत होता. मी पुष्कळ नको म्हटले. "तुम्ही दिवसभर फिरले आहात," एवढेच ते म्हणाले, आणि आपली वळकटी घेऊन गच्चीवर गेले.

मला झोप येईना. थोड्या वेळाने मीही गच्चीवर गेलो. ते जागेच होते. दूर दीक्षाभूमीच्या बाजूने ध्वनिक्षेपकाचा आवाज वाऱ्यावर येत होता. का कोण जाणे, पन्नास वर्षांत कोणास न सांगितलेली एक गोष्ट मी त्यांस सांगितली.

१९७४ साली मी मॅट्रिकला बसलो. परीक्षेचे केंद्र आमच्या तालुक्याच्या गावीच होते. माझ्या वर्गात जवळच्या खेड्यातून रोज चालत येणारा एक मुलगा होता. परीक्षेच्या दिवसांत जाण्यायेण्यात वेळ मोडू नये म्हणून त्याच्या वडिलांनी माझ्या आजोबांस विचारले, "पोरगं आठ दिवस तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." आजोबा त्या काळच्या मानाने उदार. त्यांनी होकार दिला, आणि त्यास ओसरी दिली. तो आठ रात्री ओसरीवर निजला. आजी त्यास मागल्या दाराशी पत्रावळीवर वाढी. जेवल्यावर ती जागा तो स्वतः सारवून काढी. त्यास कोणी सांगितले नव्हते. रात्री मी आत दिव्याखाली वाचीत असे आणि तो ओसरीच्या मिणमिणत्या दिव्याखाली. आमच्या दोघांत एक दार होते. दार लोटलेले असे, त्यास कडी नसे. आठ रात्रींत ते मी एकदाही उघडले नाही. आजोबांस मी दोष देत नाही. त्यांनी त्यांच्या काळाने दिले तेवढे दिले. मी सतरा वर्षांचा होतो, समतेचा धडा मला पाठ होता, आणि दार माझ्या हाताशी होते.

सांगून झाल्यावर मी गप्प राहिलो. ते काय म्हणतील, याची मला भीती वाटत होती. त्यांनी क्षमेचे किंवा रागाचे एक अक्षर काढले नाही. जरा वेळाने विचारले, "पास झाला का तो?"

"झाला. माझ्याहून सात गुण अधिक मिळाले त्याला."

"मास्तर आहे मी. पहिला प्रश्न तोच येते मनात," असे म्हणून ते हसले. मग म्हणाले, "झोपा आता, गुरुजी. सकाळी रिपोर्ट येईल मुलीचा."

सकाळी चकत्या आणखी उतरल्या नव्हत्या. सायंकाळी किंचित वाढल्या. मधल्या वेळात ते मला आपल्याबरोबर घेऊन निघाले. सीताबर्डीवरून जाताना म्हणाले, "५६ साली बाबासाहेब इथं श्याम हॉटेलात उतरले होते. दीक्षेच्या आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलले ते तिथंच." मी आदल्या दिवशी त्याच सीताबर्डीवर खोलीसाठी वणवण करीत होतो. मला एकाएकी बडोद्याची हकीकत आठवली. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये शिकून आलेले आंबेडकर बडोदे सरकारच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी निवासात ते पारशी नाव सांगून राहिले. जात उघडकीस येताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस तेथून घालविले. पुढे एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. खिशात पैसे होते, अंगी विद्वत्ता होती, तरी बिऱ्हाड मिळाले नाही. बडोद्याच्या त्या दिवसापासून सीताबर्डीच्या हॉटेलापर्यंत एकोणचाळीस वर्षे गेली.

बाराशेची खोली साडेचार हजारांस मिळते म्हणून मी अन्याय अन्याय म्हणत होतो. तो अन्याय होताच. परंतु पैसा मोजूनही न उघडणारे दार कसे असते, हे मला ठाऊक नव्हते. आणि ज्यांस ते पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते, त्यांनीच मला आपले दार पैशावाचून उघडले होते.

दीक्षाभूमीचा भव्य पांढरा स्तूप मी दुरूनच पाहिला. गर्दीत आत शिरणे माझ्या गुडघ्यांस शक्य नव्हते. पण बाहेर जे पाहिले ते विसरणार नाही. ठिकठिकाणी लोक येणाऱ्यास जेवू घालीत होते, पाणी पाजीत होते, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस पुस्तकांची दुकाने लागली होती. हातावर पोट असलेली माणसे गाठोड्याची गाठ सोडून पुस्तके विकत घेत होती. यात्रेहून घरी परतताना प्रसाद म्हणून पुस्तक नेणारा समाज मी पूर्वी पाहिला नव्हता. शिक्षकाच्या डोळ्यांस याहून रम्य देखावा कोणता?

सोमवारी, १४ ऑक्टोबरला, नातीस घरी सोडले. आम्ही तिला घेऊन निघालो. पैशाचा विषय काढण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि ते बरेच झाले.

आता वाचकांच्या उपयोगासाठी चार शब्द. नागपुरास जावयाचे तर आधी तेथले गर्दीचे पंचांग पाहावे. दसरा आणि डिसेंबरचे अधिवेशन हे दोन काळ शक्य तर टाळावेत, नाही तर दोन महिने आधी व्यवस्था करावी. खोली मध्यस्थामार्फत ठरविली तरी त्या हॉटेलास स्वतः फोन करून नाव व दर यांची खातरजमा करून घ्यावी, आणि ते लेखी मागावे. सीताबर्डी व स्थानक यांच्या आसपासच राहिले पाहिजे, असा हट्ट धरू नये. मेट्रोचे दोन मार्ग शहराच्या चारी टोकांस जातात. टोकाकडील स्थानकाजवळ वाजवी जागा मिळण्याचा संभव अधिक. अगदीच अडचण पडल्यास वर्धा रेल्वेने फार दूर नाही. समारंभ महाविद्यालयाचा असेल, तर त्या कार्यालयास पालकांच्या निवासाविषयी आधी पत्र लिहावे. विचारल्याने काही जात नाही.

परंतु या सर्व युक्त्या एका बाजूने झाल्या. दुसरी बाजू आपल्या घराची आहे. पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर, आपण ज्या ज्या शहरी राहतो तेथे परीक्षांच्या व प्रवेशांच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून मुले आणि त्यांचे आईबाप येतात, आणि रात्री बसस्थानकावर बसून काढतात. आपल्या मोठ्या घरांतून एक खोली बहुधा रिकामी असते. तैत्तिरीय उपनिषदात आचार्य निरोप देताना शिष्यास अतिथीविषयी जो उपदेश करतात, तो आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्यात अतिथीची जात विचारावी असे कोठे म्हटलेले नाही, आणि त्यास ओसरीवर निजवावे असेही नाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या नोव्हेंबरात, ते शिक्षकबंधू सपत्नीक साताऱ्यास आले. सात तारखेस आम्ही चौघे मिळून बाबासाहेबांची शाळा पाहावयास गेलो, आणि तेथून भीमाबाईंच्या समाधीस. आयुष्य साताऱ्यात काढून मी तेथे प्रथमच आत पाऊल टाकीत होतो. हे मी त्यांस या वेळी सांगितले.

रात्री सौभाग्यवतींनी आमच्या खोलीत त्यांची अंथरुणे घातली आणि आम्ही बैठकीत निजलो. आमच्या या घरास ओसरी नाही. ते एका परीने बरेच आहे.